मुलांचे घर

हाताची घडी आणि तोंडावर बोट, ही आज्ञा तुम्ही बालवर्गात ऐकली असेलच. या पाठाचा लेखक जन्मभर शिक्षक होता; त्याने ती किती वेळा दिली असेल, याची गणती नाही. मूल स्वस्थ बसले म्हणजे शिकते, अशी आम्हां शिक्षकांची जुनी समजूत. उलट, लहान मुलाचे हात बांधले की त्याचे शिकणेच थांबते, हे ज्या बाईंनी जगाला दाखवून दिले, त्या मुळात शाळामास्तरीण नव्हत्याच. त्या डॉक्टर होत्या. त्यांचे नाव मारिया माँटेसरी.

मारियाचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीमधील कियाराव्हाल्ले या लहानशा गावी झाला. वडील अलेस्सांद्रो हे सरकारी नोकर, जुन्या वळणाचे गृहस्थ. आई रेनिल्दे हिला वाचनाचा मोठा नाद. मारिया पाच वर्षांची असताना हे कुटुंब रोम शहरात येऊन राहिले. मुलीने शिक्षिका व्हावे, अशी घरच्यांची इच्छा होती. कारण शिकलेल्या स्त्रीला त्या काळी तेवढाच एक व्यवसाय शोभतो, असे लोक मानीत. मारियाला मात्र तोच व्यवसाय नको होता. तेराव्या वर्षी ती तांत्रिक शाळेत दाखल झाली. तिला इंजिनियर व्हायचे होते. पुढे तिचा ओढा निसर्गविज्ञानाकडे आणि तिथून वैद्यकाकडे वळला.

वैद्यकाचा अभ्यास करणारी मुलगी म्हणजे त्या काळी नवलच होते. शरीरविच्छेदनाच्या वर्गात पुरुष विद्यार्थ्यांबरोबर तिने उभे राहणे लोकांना प्रशस्त वाटेना. तेव्हा इतर विद्यार्थी निघून गेल्यावर, सायंकाळी, त्या प्रेतांच्या खोलीत ती एकटीच बसून काम करी. पहिल्या दिवशी तिच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करून पाहा. तथापि तिने ते निभावले आणि १८९६ साली ती रोमच्या विद्यापीठातून डॉक्टर होऊन बाहेर पडली. इटलीतील पहिल्या काही स्त्री-डॉक्टरांपैकी ती एक होय.

विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात काम करीत असताना त्यांना वेड्यांच्या इस्पितळांत जावे लागे. मंदबुद्धीच्या मुलांना ठेवायला वेगळी जागा नसल्यामुळे त्यांनाही तिथेच कोंडलेले असे. एका इस्पितळात मारियाबाईंनी पाहिले, की जेवण झाल्यावर ही मुले जमिनीवर सांडलेले पावाचे कण वेचीत बसतात. त्यांची राखणदारीण याला हावरेपणा समजून तिरस्काराने बोलली. बाईंनी खोलीभर नजर फिरवली. तिथे एकही वस्तू नव्हती; खेळणे नाही, चिंधी नाही, काठीचा तुकडासुद्धा नाही. बोटांना चाळा देण्यासारखे त्या मुलांपाशी होते काय, तर ते पावाचे कण! ही भूक पोटाची नसून हातांची आहे, हे त्यांच्या ध्यानात आले.

मग त्यांनी इटार आणि सेगँ या दोन फ्रेंच वैद्यांचे ग्रंथ बारकाईने अभ्यासले. मतिमंद मुलांना हात, डोळे, कान यांच्या द्वारे शिकवता येते, असे या वैद्यांनी पूर्वीच लिहून ठेवले होते; पण त्यांचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नव्हते. १९०० साली रोममध्ये अशा मुलांसाठी एक शाळा निघाली आणि तिची व्यवस्था बाईंकडे आली. दिवसभर मुलांना शिकवावे आणि रात्री टिपणे काढावीत, असा त्यांचा क्रम असे. त्यांची काही मुले लिहायला-वाचायला शिकली आणि साध्या शाळांतील मुलांबरोबर परीक्षेला बसून उत्तीर्ण झाली. सर्वत्र वाहवा झाली. बाई मात्र वेगळ्याच विचारात पडल्या. ही दुबळी मुले जर धडधाकट मुलांच्या बरोबरीला येतात, तर धडधाकट मुलांना आपल्या शाळांनी कुठे अडवून ठेवले आहे, हा प्रश्न त्यांना सतावू लागला.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची संधी त्यांना मिळाली ती एका गलिच्छ वस्तीत. रोमच्या सान लोरेन्झो भागात मजुरांची दाटीची घरे होती. एका मंडळीने त्यांतील काही इमारती दुरुस्त करून गरीब कुटुंबांना राहायला दिल्या. आईबाप सकाळीच कामावर जात, थोरली मुले शाळेत जात. मागे उरलेली तीन ते सहा वर्षांची चिल्लीपिल्ली जिन्यांतून धुडगूस घालीत आणि नव्या रंगवलेल्या भिंती खराब करीत. भिंती पुनःपुन्हा रंगवण्यापेक्षा मुले सांभाळायला कोणी ठेवावे, असा हिशेब मालकांनी केला आणि माँटेसरीबाईंना बोलावले. जगातील एका मोठ्या शाळेचा प्रारंभ झाला तो असा, भिंतींच्या रंगाच्या काळजीतून!

६ जानेवारी १९०७ रोजी हे ‘मुलांचे घर’ उघडले. सुमारे पन्नास मुले जमली. सर्वांच्या अंगात जाड निळ्या कापडाचे एकसारखे कपडे. चेहरे भेदरलेले, काही मुले रडत होती. शिक्षणशास्त्र शिकलेली शिक्षिका ठेवण्याइतका पैसा नव्हता. म्हणून तिथल्याच एका साध्या बाईला हे काम दिले. माँटेसरीबाईंना याचे वाईट वाटले नाही, उलट बरेच वाटले. कारण जिला काही ठाऊक नाही, ती निदान मुलांच्या मध्ये येणार नाही!

त्या घरात बाईंनी मुलांच्या मापाची हलकी टेबले आणि खुर्च्या करून घेतल्या. हात धुण्याची भांडीसुद्धा मुलांच्या उंचीला येतील अशी मांडली. अशा हलक्या खुर्च्या मुले पाडतील, असे लोक म्हणू लागले. बाईंचे म्हणणे असे, की पडू द्याव्यात; खुर्ची पडली की आवाज होतो आणि आपले चालणे चुकले हे मुलाला आपोआप कळते.

पुढे जे घडले, त्यात बाईंनी मुलांना शिकवले त्याहून मुलांनी बाईंना अधिक शिकवले, असे मला वाटते. एकदा तीन वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे घेऊन बसली होती. एका लाकडी ठोकळ्यात लहानमोठी भोके असतात आणि प्रत्येक भोकात नेमका एकच दट्टा बसतो. दट्टे काढावेत, मिसळावेत आणि पुन्हा जागच्या जागी बसवावेत. चुकले तर सांगायला मास्तर लागत नाही. शेवटचा दट्टा बसतच नाही, की चूक कळली. ती मुलगी हे पुनःपुन्हा करीत होती. तिची एकाग्रता पाहण्यासाठी बाईंनी इतर मुलांना गाणे म्हणायला सांगितले. तिचे लक्ष विचलित झाले नाही. मग त्यांनी तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले. तिने दट्टे मांडीवर सावरले आणि काम चालूच ठेवले! चाळिसांहून अधिक वेळा केल्यावर ती थांबली आणि झोपेतून ताजेतवाने होऊन उठावे, तशी हसऱ्या मुद्रेने इकडेतिकडे पाहू लागली.

दुसऱ्या एका दिवशी साधनांच्या कपाटाला कुलूप लावायचे राहून गेले. मुलांनी स्वतःच कपाट उघडून हवे ते घेतले. शिक्षिकेला ती चोरीच वाटली. बाईंना मात्र त्यात निराळे दिसले. कोणाला काय हवे हे मुलांना पक्के ठाऊक होते आणि काम झाल्यावर वस्तू जागेवर ठेवणेही. तेव्हापासून कुलपाचे कपाट गेले आणि मुलांचा हात पोचेल असे उघडे मांडण आले.

आता एक गमतीची हकीकत सांगतो. एकदा बाईंनी मुलांना नाक कसे शिंकरावे ते दाखवले. रुमाल कसा धरावा, आवाज न करता नाक कसे पुसावे, हे सारे. मुले श्वास रोखून पाहत राहिली आणि धडा संपताच त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बाईंना आधी हसू आले, मग त्यामागचे दुःख कळले. गळक्या नाकावरून या मुलांना आजवर सर्वांनी हिणवले होते; पण ते पुसायचे कसे, हे कोणी दाखवले नव्हते.

विज्ञानाची गोडीही तिथे हातांनीच लागे. डोळे बांधून मखमल, रेशीम, लोकर, सुती कापड हे नुसत्या स्पर्शाने ओळखायचे. एकाच आकाराच्या, पण वेगवेगळ्या लाकडांच्या फळ्या तळहातावर तोलून हलकी कोणती, जड कोणती, ते सांगायचे. बंद डब्या हलवून सारख्या आवाजाच्या जोड्या लावायच्या. दहा सेंटिमीटरच्या ठोकळ्यापासून एका सेंटिमीटरच्या ठोकळ्यापर्यंत दहा घन एकावर एक रचून मनोरा उभारायचा. पाहणे, तोलणे, तुलना करणे, क्रम लावणे. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत याहून निराळे काय करतो? जिथे अंगण मिळे, तिथे मुले बिया पेरीत, झाडांना पाणी घालीत, पाळलेल्या प्राण्यांना चारा देत. आपण पाणी घालायला विसरलो तर रोप सुकते, हे कोणी रागावून सांगावे लागत नसे. बी रुजायला किती दिवस लागतात, हेही उतावळ्या मुलांना त्या बीपाशी बसूनच कळे.

बाईंचा लिहिण्या-वाचण्याचा प्रयोग तर सर्वांत प्रसिद्ध आहे. इतक्या लहान मुलांना अक्षरे शिकवावीत, असे प्रथम त्यांच्याही मनात नव्हते. वस्तीतील आयाच त्यांच्याकडे आल्या. त्यांतल्या बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. निदान मुलांना तरी यावे, अशी त्यांची कळकळीची विनंती होती. लाकडाची वा धातूची अक्षरे करून घेणे बाईंना परवडेना. मग सुतार लाकूड घासायला वापरतात, तो खरखरीत कागद आणून त्यांनी त्याची मोठी अक्षरे कातरली आणि गुळगुळीत पुठ्ठ्यावर चिकटवली. मुलाने दोन बोटे त्या अक्षरावरून, लिहिण्याच्याच वळणाने फिरवायची आणि तोंडाने त्याचा ध्वनी उच्चारायचा. बोट घसरून गुळगुळीत भागावर गेले, की चूक बोटालाच कळते. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवीत, त्याची इथे आठवण होते. बाईंच्या पद्धतीत छडी तेवढी नव्हती.

याच्या जोडीला मुले सुट्या कातरलेल्या अक्षरांचे शब्द जुळवीत आणि निराळ्या वेळी, चौकटीतील आकृत्यांत रंगीत पेन्सिलींनी रेघा भरीत. त्यामुळे पेन्सिल धरणारी बोटे तयार होत होती. अक्षर कळत होते, शब्द जुळत होता, हात सधत होता. पण या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की त्यालाच लिहिणे म्हणतात, हे मुलांना कोणी सांगितले नव्हते.

डिसेंबर महिन्यात एके दिवशी छान ऊन पडले होते, म्हणून बाई मुलांना घेऊन गच्चीवर गेल्या. पाच वर्षांचा एक मुलगा जवळ बसला होता. त्याच्या हाती खडू देऊन त्यांनी समोरच्या धुराड्याचे चित्र काढायला सांगितले. चित्र बरे उतरले आणि बाईंनी त्याला शाबासकी दिली. मुलगा क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिला. मग एकदम आपल्याला लिहिता येते असे आनंदाने ओरडत तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने गच्चीच्या फरशीवर एक शब्द लिहिला. तो शब्द होता ‘मानो’. इटालियन भाषेत मानो म्हणजे हात. पाठोपाठ त्याने धुराडे लिहिले, छप्पर लिहिले. त्याची आरडाओरड ऐकून इतर मुले भोवती जमली, खडू मागू लागली आणि पाहता पाहता त्यांतली काही लिहूही लागली. पुढले कित्येक दिवस त्या वस्तीत लिहिण्याला जणू पूर आला. जमिनीवर, दारांवर, भिंतींवर, इतकेच काय पण घरच्या पावाच्या पाठीवरही मुले अक्षरे उमटवू लागली. अखेर आयांनी पाव वाचवण्यासाठी त्यांना कागद-पेन्सिली आणून दिल्या! भिंती वाचवण्यासाठी उघडलेल्या शाळेने भिंती अशा पुन्हा खराब केल्या.

वाचन नंतर आले. बाईंनी खेळण्यांची नावे चिठ्ठ्यांवर लिहिली. चिठ्ठी उघडून नाव नीट वाचील, त्याला ते खेळणे खेळायला मिळावे, अशी योजना होती. मुलांनी चिठ्ठ्या वाचल्या, खेळणी तशीच ठेवली आणि आणखी चिठ्ठ्या मागितल्या.

ही वार्ता देशोदेशी पोचली. १९०९ साली बाईंनी आपल्या पद्धतीवर ग्रंथ लिहिला आणि त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली. १९१५ साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा वर्ग उभारला होता. आत मुले काम करीत आणि बाहेर लोक गर्दी करून पाहत. परंतु कीर्तीबरोबर एक उणीवही आली. बाईंची साधने ठरलेल्या मापाची, ठरावीक कारखान्यांत बनलेली आणि महाग असत. त्यांत कोणी फेरफार केलेला त्यांना खपत नसे. त्यामुळे मजुरांच्या वस्तीत जन्मलेली ही शाळा पुष्कळ ठिकाणी श्रीमंतांच्या मुलांची शाळा होऊन बसली. १९३१ साली गांधीजी लंडनमध्ये बाईंच्या संस्थेत गेले होते. हिंदुस्थानातील खेड्यांत अर्धपोटी राहणाऱ्या मुलांपर्यंत हे शिक्षण पोचावे, अशी आशा त्यांनी तिथे बोलून दाखवली. मला वाटते, बाईंना कोणी इतक्या मृदू शब्दांत इतकी अवघड गोष्ट मागितली नसेल.

दरम्यान त्यांच्या स्वतःच्या देशात मुसोलिनीची हुकूमशाही आली होती. आरंभी त्याने बाईंच्या शाळांना साहाय्य केले. पण मुले स्वतः विचार करणारी हवीत की हुकूम झेलणारी, या प्रश्नावर दोघांचे जमणे शक्यच नव्हते. १९३४ साली त्यांनी इटली सोडली. स्पेनमध्ये राहावे तर १९३६ साली तिथे यादवी पेटली. तेथून निघून त्या नेदरलँडमध्ये गेल्या.

आणि १९३९ च्या नोव्हेंबरात, एकोणसत्तराव्या वर्षी, त्या आपला पुत्र मारिओ याच्यासह मद्रासजवळच्या अड्यार येथे आल्या. त्यांचे विचार येथे आधीच पोचले होते. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० सालीच त्या विचारांवर बालमंदिर काढले होते. मात्र बाईंची भेट त्यांच्या नशिबी नव्हती. बाई येण्याच्या पाच महिने आधीच, जून १९३९ मध्ये ते वारले. अड्यारच्या पहिल्या वर्गाला सुमारे तीनशे शिक्षक आले. बाई इटालियनमधून बोलत आणि मारिओ त्यांचे म्हणणे इंग्रजीतून सांगत.

जून १९४० मध्ये इटली महायुद्धात उतरली आणि येथील इंग्रज सरकारच्या लेखी हे मायलेक शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मारिओंना आपल्या महाराष्ट्रात, त्या वेळच्या अहमदनगर येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले आणि बाईंना अड्यारच्या आवाराबाहेर जाण्याची बंदी झाली. ज्यांच्या मुखाने त्या बोलत, तोच पुत्र दूर झाला. ३१ ऑगस्ट रोजी बाईंना सत्तर वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी सरकारने मारिओंना मुक्त करून आईकडे पाठवले.

पुढे १९४२ ते १९४४ या काळात ती दोघे कोडाईकॅनालच्या थंड डोंगरावर राहिली. जगभर युद्ध पेटले असता बाई तिथे मुलांबरोबर झाडे, पाने, किडे आणि पाण्यातील जीव पाहण्यात रमल्या होत्या. तिथे लहान-मोठी मुले एकत्र शिकत. झाडांची पाने, मुळे, फुले निरखावीत, त्यांची नावे चिठ्ठ्यांवर लिहावीत आणि त्या चिठ्ठ्या ज्याच्या त्याच्यापाशी ठेवाव्यात. विज्ञान आणि अक्षरओळख असे एकाच पानावर येऊन बसे. पानापासून झाडाकडे, झाडापासून मातीकडे, मातीपासून पाऊस आणि सूर्याकडे मुलांचे प्रश्न धावत. आणि सृष्टीतील प्रत्येक वस्तू दुसरीला कशी धरून आहे, ही गोष्ट मुलांना सांगण्याची नवी रीत बाईंना तिथेच सुचत गेली. या देशात त्यांनी हजाराहून अधिक शिक्षक तयार केले.

गांधीजींच्या त्या आशेचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९३६ साली मुंबईत दादर येथे शिशुविहार काढला होता. पण शहरातील बालमंदिरे पाहून त्यांचे समाधान होईना. १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. महागड्या लाकडी पेट्या तिथे कुठून आणणार? शिंपले, खडे, बिया, पाने, फुले हीच त्यांची साधने झाली. मोजायलाही तीच आणि आकार ओळखायलाही तीच. मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसले, तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेऊन बसवली. अंगणवाडी हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. कदाचित तुमच्यापैकी कित्येक जण तिथूनच या वर्गापर्यंत आले असतील.

माँटेसरीबाई १९४६ साली युरोपात परतल्या, १९४७ मध्ये पुन्हा भारतात आल्या आणि १९४९ पर्यंत येथे येत-जात राहिल्या. त्यानंतर नेदरलँड हेच त्यांचे घर झाले. एक्याऐंशी वर्षे उलटली, तरी आफ्रिकेत जाऊन तेथील शिक्षक तयार करावेत, हा विषय त्यांच्या बोलण्यात होता. ६ मे १९५२ रोजी समुद्रकिनाऱ्यावरील नॉर्डविक या गावी त्यांचे देहावसान झाले.